आराईहाजारचे हापसे: पाणी दारातच होतं, प्रश्न होता कोणाच्या दारातलं प्यायचं

गरीब गावाला प्यायचं पाणी पुरवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी येतात ते हंडे, टँकर आणि तळ गाठलेली विहीर. हे प्रकरण त्याच्या बरोबर उलटं आहे. इथे पाण्याची टंचाई कधीच नव्हती, वीसेक फुटांवर पाणी, घराघरात हापसा, बाईला लांब जावं लागत नाही, पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरं, आणि तरीही या गावांना प्यायचं पाणी मिळवून देण्यात पंचवीस वर्षं गेलीत आणि काम अजून संपलेलं नाही.

जागा आहे आराईहाजार, बांगलादेशातला नारायणगंज जिल्ह्यातला एक उपजिल्हा, म्हणजे आपला तालुकाच समजा. ढाक्याच्या पूर्वेला, मेघना नदीच्या बाजूला. भातशेती, यंत्रमाग, दाट वस्ती. २००० साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या आणि ढाका विद्यापीठाच्या लोकांनी इथला साधारण २५ चौरस किलोमीटरचा तुकडा घेऊन त्यातला एक-एक हापसा तपासायला घेतला. मिळाले किती, तर जवळपास सहा हजार. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोनशेच्या वर! आपल्याकडे एखाद्या गावात चार हापसे चालू असले तरी सरपंच छाती फुगवून सांगतो, आणि इथे प्रत्येक अंगणात एक. त्या सहा हजारातल्या साधारण निम्म्यांच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष बांगलादेशच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर फक्त १० आहे. काही हापसे ५ च्या खाली होते आणि काही थेट ९०० च्या आसपास, आणि हे एकमेकांपासून चार पावलांवर.

हे असं झालं कसं त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हापसे आले कुठून

सत्तरच्या दशकापर्यंत तिथल्या खेड्यात लोक तळ्याचं नाहीतर नदीचं पाणी प्यायचे. त्याच तळ्यात अंघोळ, त्याच तळ्यात भांडी, पावसाळ्यात सगळीकडची घाण वाहत तिथेच. कॉलरा आणि जुलाबाने पोरं पटापट मरायची. मग युनिसेफ आणि तिथलं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी नलिका-विहिरी खोदून त्यावर हातपंप बसवायला सुरुवात केली. 'नंबर सिक्स' नावाचा ओतीव लोखंडाचा साधा पंप, अजूनही तिकडे कुठेही दिसतो. जंतूंच्या हिशोबात हे पाणी तळ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, त्यामुळे त्या काळात ज्यांनी हे केलं त्यांना आज शिव्या घालणं मला पटत नाही.

आणि मग एक गोष्ट झाली जी कुठल्याही सरकारी योजनेत सहसा होत नाही, ती म्हणजे लोकांनी योजना सरकारच्या हातातून काढून स्वतःच चालवायला घेतली. तिथली जमीन गाळाची, मऊ, खडक नाहीच, त्यामुळे बोअरला मशीन लागत नाही. बांबूचा मचाण बांधायचा, लोखंडी पाइप उभा करायचा, एक माणूस वर बसून पाइपाचं तोंड तळहाताने बंद-उघड करत राहतो आणि खालचे तीन-चार जण बांबूच्या तरफेने पाइप वर-खाली हलवत राहतात, की पाण्याबरोबर चिखल वर येत जातो आणि पाइप खाली सरकत जातो. एका दिवसात विहीर तयार. गावचा मिस्त्री, गावची माणसं, पाइप बाजारात. खर्चही असा की मध्यम शेतकरीच काय, मजुरी करणारं कुटुंबसुद्धा हंगामानंतर जमवून टाकू शकतं. नव्वदच्या दशकापर्यंत देशात अशा लाखो विहिरी झाल्या आणि त्यातल्या बहुतेक खाजगी. ग्रामीण बांगलादेशात जवळजवळ सगळ्यांना 'सुरक्षित पाणी' मिळालं असं अहवालात लिहिलं जायला लागलं.

आर्सेनिक कोणी तपासलं नाही. तेव्हा नेहमीच्या तपासणीत ते नसायचंच. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या काही विहिरींचं पाणी तपासलं, बरीच मूलद्रव्यं मोजली, आर्सेनिक सोडून. पुढे ब्राह्मणबाडिया भागातल्या एका बाधित माणसाने यावरून थेट इंग्लंडच्या कोर्टात दावा लावला आणि २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, तो फेटाळला, कारण काय तर या संस्थेवर त्या माणसाबाबत काही जबाबदारी येते असं कायद्याने म्हणता येत नाही. कायद्याचं बरोबर असेलही, पण वाचून चडफड होते.

मजा म्हणजे शेजारी पश्चिम बंगालमध्ये हे १९८३ पासून माहीत होतं. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांवर टणक गाठी असलेले खेड्यातले पेशंट यायला लागले आणि त्यांनी ते पाण्याशी जोडलं. त्यातले काही सीमेपलीकडून आलेले होते. नंतर जादवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती वर्षानुवर्षं बोंब मारत राहिले. बांगलादेशात अधिकृतपणे पहिलं आर्सेनिक सापडलं १९९३ मध्ये, चापाई नवाबगंजला. देशभराचं सर्वेक्षण व्हायला १९९८-९९ उजाडलं. ३,५३४ विहिरींचे नमुने घेतले, उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत ५० च्या वर आणि ४६ टक्क्यांत १० च्या वर आर्सेनिक. लोकसंख्येत अंदाज मांडला तर साडेतीन कोटी लोक ५० च्या वरचं पाणी पित होते. २००० मध्ये ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये याला इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं, आणि त्यात अतिशयोक्ती काही नाही.

विष कारखान्याचं नाही

हे ऐकलं की पहिला संशय कोणावर तरी जातो, कुठली फॅक्टरी, कुठलं खत. तसं काही नाही. हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणला, त्या वाळूच्या कणांवर लोखंडाचा गंजासारखा थर असतो आणि त्या थराला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जोपर्यंत ऑक्सिजन आहे तोपर्यंत ते चिकटून राहतं. पण गाळाबरोबर कुजणारा पालापाचोळाही गाडला गेलेला असतो, जमिनीखाली ऑक्सिजन संपतो, सूक्ष्मजीव त्या लोखंडाच्या थरावरच जगायला लागतात, लोखंड विरघळतं आणि त्याच्यासोबत आर्सेनिक पाण्यात उतरतं. म्हणून वरच्या, तुलनेने नव्या थरातली वाळू राखाडी असते आणि बऱ्याचदा तिथलंच पाणी वाईट. खालचे जुने थर, ज्यांचा गंज अजून शाबूत आहे, ते नारिंगी-तपकिरी, आणि तिथलं पाणी बहुतेक वेळा चांगलं.

आता कळीची गोष्ट अशी की हे थर सपाट नाहीत. नदीने पात्रं बदलत बदलत जमीन बनवली आहे, त्यामुळे एका गावात तीस मीटरवर चांगलं पाणी लागतं आणि शेजारच्या गावात शंभर-सव्वाशे मीटर जावं लागतं. गावातल्या गावातही तेच. तुमचा हापसा ३०० आणि चुलत भावाचा ८, मधे फक्त गोठा. बाहेरून बघून, चव घेऊन, वास घेऊन काहीच कळत नाही. उकळून तर अजिबात उपयोग नाही, उलट पाणी आटून आर्सेनिक दाट होतं. जुलाबाच्या भीतीने पाणी उकळून पिणाऱ्या आईला हे कसं समजवायचं हा एक वेगळाच विषय आहे.

पण या वेड्यावाकड्या वाटणीतच तोडगाही होता, आणि आराईहाजारच्या कामाचं मला सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीसाठी वाटतं.

सहा हजार हापसे आणि शंभर मीटर

कोलंबियाचे अलेक्झांडर व्हॅन गीन, ढाका विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ काझी मतीन अहमद आणि बाकी टीमने प्रत्येक हापशाला नंबर दिला, जीपीएसवर जागा घेतली, मालकाला विचारून खोली लिहून घेतली आणि पाणी प्रयोगशाळेत तपासलं. मग नकाशा मांडल्यावर दिसलं की निम्मे हापसे खराब असले तरी ९० टक्के लोकांच्या घरापासून शंभर मीटरच्या आत एक तरी चांगला हापसा आहे! शंभर मीटर म्हणजे दीड मिनिटाचं चालणं. नवीन काही खोदायची, पाइपलाइन टाकायची, फिल्टर बसवायचा गरजच नाही, फक्त लोकांना सांगा की तुझा वाईट आहे, त्याचा चांगला आहे, प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथून आण, बाकी अंघोळ-धुणं स्वतःच्याच हापशावर कर. पोटात जाणाऱ्या पाण्यापुरताच प्रश्न आहे, त्वचेतून आर्सेनिक विशेष जात नाही.

मला वाटतं हे इतकं साधं आहे की कुठल्याही टेंडरवाल्याला यात काडीचा रस वाटणार नाही. एका हापशाच्या तपासणीला काही डॉलर. उद्घाटन कशाचं करणार?

पण झालं काय? धोकादायक हापसा असलेल्या कुटुंबांना निकाल सांगितल्यावर वर्षभरात साधारण ६० टक्क्यांनी पाण्याची जागा बदलली. अर्थशास्त्रज्ञांनी जिथे माहिती दिलेली नव्हती अशा भागाशी तुलना करून बघितलं, फरक खरोखर माहितीमुळेच पडला होता. नुसतं सांगून साठ टक्के लोक वागणूक बदलतात हे आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, तंबाखूवाल्यांना विचारा, हा आकडा प्रचंड आहे.

उरलेले चाळीस टक्के का नाही गेले? यात आळशी किंवा अडाणी असं काही नव्हतं, कारणं अगदी ओळखीची आहेत. तिकडे वस्ती असते ती 'बाडी'ची, एका अंगणाभोवती भावकीतली चार-सहा घरं. चांगला हापसा दुसऱ्या बाडीत असेल तर रोज दोन-तीनदा दुसऱ्याच्या अंगणात जायचं, आणि जाणार कोण, तर घरातली सून, जिला परक्या पुरुषांसमोरून जाणं बरं दिसत नाही. भावकीत जमिनीवरून भांडण असेल तर संपलंच. ज्याचा हापसा हिरवा, म्हणजे चांगला निघाला त्याचाही विचार करा, सकाळ-संध्याकाळ वीस बायका अंगणात, चिखल, गोंगाट, पंपाचा वॉशर महिन्याभरात गेला तर तो कोणी बदलायचा? पहिले काही महिने सगळे चांगले वागतात, मग कुरबुर सुरू होते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आर्सेनिकने काल प्यायलं आज आजारी असं होत नाही, पाच-दहा वर्षांनी अंगावर डाग येतात, आणखी काही वर्षांनी कॅन्सर. ज्या आजीने तीस वर्षं तेच पाणी प्यायलं आणि ठणठणीत आहे ती सुनेला काय सांगणार हे वेगळं लिहायला नको.

डागांची दुसरी बाजूही आहे. हा महारोग आहे, शाप आहे असं समजून माणसं वाळीत टाकली गेली, मुलींची लग्नं अडली, नवऱ्याने बायकोला माहेरी पाठवलं. त्यामुळे आपला हापसा लाल, म्हणजे वाईट आहे हे चारचौघात कळणंच काहींना नको होतं.

फिल्टरचा मार्ग थोडक्यात सांगतो कारण त्यात फारसं काही हाती लागलं नाही. तीन मडक्यांचे फिल्टर, तळ्याच्या पाण्याचे वाळूचे फिल्टर, पावसाचं पाणी, जुन्या पद्धतीच्या खोदविहिरी, सगळं करून झालं. अबुल हुसाम या शास्त्रज्ञाच्या 'सोनो' फिल्टरला २००७ मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरचं ग्रेंजर बक्षीस मिळालं, फिल्टर चांगलाच होता. पण घरातला फिल्टर म्हणजे रोज भरा, वेळेवर धुवा, पाण्याचा वेग कमी झाला तर दुरुस्त करा आणि तो अजून काम करतोय की नाही हे कळायला परत चाचणी. अंगणात हापसा असताना ते कोण करणार. खोदविहिरी आणि तळ्याच्या फिल्टरांमध्ये आर्सेनिक कमी पण जंतू परत आले.

खोल विहिरी, आणि त्या कुणाच्या अंगणात

ज्या गावात शंभर मीटर चालण्याच्या अंतरात काही चांगलं नाही तिथे सरळ उपाय म्हणजे खोल जाणं. दीडशे मीटरपेक्षा खोल, किंवा आराईहाजारमध्ये ९० ते १५० मीटरच्या मधल्या थरात गेलात तरी पाणी बहुधा उत्तम. पण हे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं, कारण खर्च उथळ विहिरीच्या कितीतरी पट. म्हणजे ही सार्वजनिक विहीरच असणार आणि पैसा सरकारचा किंवा संस्थांचा. संशोधकांनी स्वतः काही गावांत अशा सामुदायिक विहिरी बसवल्या आणि दिसलं की जागा मोकळी, रस्त्याकडेला असली तर बायका शंभर-दीडशे मीटर चालून खुशाल येतात. म्हणजे 'लोकांना सवय नाही' हे कारण फार टिकत नाही.

मग सरकारने खोल विहिरी बसवल्या, भरपूर बसवल्या. २०१२-१३ मध्ये त्याच टीमने यावेळी आख्खा १८० चौरस किलोमीटरचा पट्टा घेतला आणि ४८,७९० हापसे जागेवर तपासायच्या किटने तपासले. त्यात मधल्या आणि खोल थरातल्या सामुदायिक विहिरी निघाल्या ९१५. पाण्याचा दर्जा म्हणाल तर झकास, ९२ टक्के विहिरी जागतिक संघटनेच्या कडक १० च्या मर्यादेतही बसल्या. उथळ खाजगी हापशांची स्थिती मात्र तीच, निम्मे चांगले निम्मे वाईट.

आता हिशोब बघा. जे उथळ हापसे धोकादायक होते त्यांच्यापैकी किती जणांना शंभर मीटरच्या आत या ९१५ पैकी एक तरी विहीर होती? फक्त २९ टक्के. मग त्यांनी कॉम्प्युटरवर तेवढ्याच ९१५ विहिरी जिथे गरज आहे तिथे नीट पसरून मांडल्या. आकडा आला ७४ टक्के. विहिरी तेवढ्याच, पैसा तेवढाच, पाणी तेच. फरक फक्त जागेचा.

विहिरी एकमेकांना चिकटून होत्या. काही वस्त्यांत झुबके आणि पलीकडे मैलभर काहीच नाही. कारण तिथे विहीर कुठे बसणार हे ठरवण्यात राजकारण्यांचा हात असतो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने २०१६ च्या अहवालात हे स्पष्ट मांडलं होतं की नवीन सरकारी विहिरींपैकी निम्म्या जागांवर खासदाराचा शब्द चालतो. आणि दुसरं म्हणजे लोकवाटा. विहिरीसाठी लाभार्थ्यांनी थोडी रक्कम भरायची असा नियम, हेतू चांगला की गावाला आपली वाटावी. प्रत्यक्षात दहा घरांकडून पैसे गोळा करायची कटकट कोण करतो, एक खमका माणूस पूर्ण रक्कम भरून टाकतो आणि विहीर त्याच्या अंगणात, कधीकधी कुंपणाच्या आत. कागदावर सामुदायिक. मग त्यावर मोटर बसते, वर टाकी बसते, आणि शेजारची बाई विचारायला कचरते.

आपल्याकडच्या ज्यांनी स्वजलधारा आणि जलस्वराज्य या पाणी योजनांच्या काळात दहा टक्के लोकवर्गणीचे खेळ बघितलेत त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. ठेकेदारानेच गावाच्या नावाने वर्गणी भरली असे किस्से कानावर आलेले असतातच. लोकवर्गणी वाईट असं माझं म्हणणं नाही, पण जो पैसा भरतो तो जागा ठरवतो ही गोष्ट नियम बनवणाऱ्यांनी गृहीत धरायला पाहिजे होती, आणि जागेचा निर्णय पैशापासून वेगळा काढायला पाहिजे होता. नकाशा तर हातात होता! कुठला हापसा लाल, कुठला हिरवा, सगळं माहीत असताना विहीर खासदाराच्या शिफारशीवर बसते, तर मग त्या सर्वेक्षणाचा उपयोग काय.

शरीरावर काय झालं

याच भागात २००० पासून जवळपास बारा हजार प्रौढ माणसांचा एक मोठा आरोग्य अभ्यास सुरू झाला, हबीबुल अहसान वगैरे मंडळी त्यात आहेत. प्रत्येकाचा हापसा माहीत, लघवीतलं आर्सेनिक मोजलेलं, आणि मग वर्षानुवर्षं पाठपुरावा. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की या लोकांमधल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के मृत्यू लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकच्या पाण्याशी जोडता येतात. पाचातला एक. आणि हे सगळे अंगावर डाग असलेले नव्हते, हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, कॅन्सर असं 'नॉर्मल' वाटणारं मरण. दहा वर्षांच्या २०१ मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली तर हापशात आर्सेनिक जितकं जास्त तितके गुण कमी. पोराला अभ्यासात गती नाही म्हणून ओरडणाऱ्या बापाला हापशाचा संशय कधी येणार आहे?

पण हेच काम पुढे चालू राहिलं आणि २०२५ मध्ये जामा या नियतकालिकात त्याच लोकांचा वीस वर्षांचा हिशोब आला, जवळपास अकरा हजार माणसं. ज्यांच्या शरीरातलं आर्सेनिक आधी जास्त होतं आणि हापसा बदलल्याने कमी झालं, त्यांचा जुनाट आजारांनी मरण्याचा धोका ज्यांचं जास्तच राहिलं त्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आला, आणि जे सुरुवातीपासून कमी होते त्यांच्या जवळ जाऊन पोचला. म्हणजे वीस-तीस वर्षं विष पोटात गेलेल्या माणसानेही हापसा बदलला तर फायदा होतो. माझ्या मते या आख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल, कारण 'आता काय फरक पडणार, इतकी वर्षं तर प्यायलोच' हे वाक्य तिथे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं असं म्हणतात.

एक काटा मात्र यात आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. बारिसाल भागात दुसऱ्या संशोधकांनी बघितलं की आर्सेनिकमुळे अंगणातला हापसा सोडायला लावलेल्या घरांत लहान मुलांचे मृत्यू वाढले. का, तर पाणी लांबून आणायचं म्हटलं की साठवायचं आलं, घागरीत हात जातो, झाकण ठेवायचं राहतं, किंवा माणसं जवळच्या तळ्यावर परत जातात. म्हणजे आर्सेनिक गेलं आणि जुलाब आला. आराईहाजारमध्ये चांगला हापसा शंभर मीटरच्या आत होता म्हणून ते जमलं, अंतर वाढलं की गणित फिरतं. 'लाल हापसा, पिऊ नका' असं रंगवून निघून जाणं म्हणजे अर्धंच काम, आणि काही ठिकाणी तर उलटं काम.

रंग उडाला

देशपातळीवर २००० ते २००३ च्या दरम्यान जवळपास पन्नास लाख हापसे किटने तपासून लाल-हिरवे रंगवले गेले, १४ लाखांच्या आसपास लाल निघाले. मोठंच काम होतं. पण उन्हापावसात रंग टिकतो किती, दोन-चार वर्षं. आणि हापसा म्हणजे काही धरण नव्हे की एकदा बांधलं की तिथेच, पाइप गंजतो, जाळी बुजते, मुलगा वेगळा होतो, दहा-बारा वर्षांत नवीन बोअर पडतोच. २०१२-१३ ला परत गेले तेव्हा हजारो नवीन हापसे होते ज्यांना कधी कोणी किट लावलंच नव्हतं. यावेळी रंगाऐवजी धातूच्या पाट्या लावल्या, निळी म्हणजे १० च्या आत, हिरवी म्हणजे ५० च्या आत, लाल म्हणजे पिऊ नका. पाटी टिकते, पण तिच्या शेजारी पुढच्या वर्षी जो हापसा बसेल त्याचं काय?

गाडं इथेच अडलंय. गावात कोणाला स्वतःहून चार पैसे देऊन पाणी तपासून घ्यायचं असेल तरी जायचं कुठे? मिस्त्रीकडे किट नाही. खरं तर मिस्त्री हा यातला सगळ्यात कामाचा माणूस, वाळू राखाडी आली की नारिंगी हे त्याच्या हातावर कळतं, बरेच मिस्त्री आता स्वतःच्या अक्कलहुशारीने नारिंगी वाळू लागेपर्यंत खाली जातात. त्याला किट देऊन, बोअर झाला की लगेच तपास आणि पाटी लाव, असं करता आलं असतं. योजनांच्या कागदात मिस्त्री कुठेच नसतो, कारण तो खात्याच्या यादीतला नाही.

आपल्या महाराष्ट्रात आर्सेनिकचा असा मोठा प्रश्न नाही पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे फ्लोराइड आहे, वाकलेली हाडं आणि डागाळलेले दात आहेत, आणि तेही बोअरच्या खोलीनुसार आणि जागेनुसार बदलतं. ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं, पण ते ग्रामपंचायतीला. शेतातल्या, वस्तीवरच्या, तांड्यावरच्या खाजगी बोअरला कोण कार्ड देतो? ज्या तांड्यावर नळ अजून नीट पोचला नाही तिथे लोक त्याच बोअरचं पाणी पितात.

आराईहाजारला पुढची काळजी वेगळी आहे. ढाका शहर स्वतः खोल थरातून प्रचंड उपसा करतं आणि त्या ओढीने आजूबाजूच्या भागातलं भूजल शहराकडे सरकतंय, वरचं खराब पाणी खालच्या चांगल्या थरात उतरण्याची भीती शास्त्रज्ञांनी मांडली आहे. चिकणमातीचे थर आपल्याला वाचवतात असं वाटायचं, पण दाबाने त्या मातीतूनच कुजका सेंद्रिय माल पिळून खाली येतो आणि आर्सेनिक सुटायला मदत करतो असंही पुढे आलंय. म्हणून खोल विहिरीचं पाणी भाताला अजिबात देऊ नये, ते फक्त पिण्यापुरतं ठेवावं, आणि आज निळी पाटी असलेली विहीरही दर काही वर्षांनी परत तपासावी असं तिथे काम करणारे सांगतात. त्या तपासणीसाठी तालुक्याच्या पातळीवर कायमचा माणूस आणि कायमचा पैसा लागतो, आणि तो अजून कुठल्याच खात्याच्या बजेटात नीट बसलेला नाही.